प्रश्न प्रेक्षकांचा नाही, मैदानाच्या खर्चाचा आहे
मायनर लीग म्हणजे अमेरिकेतील मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेसाठी खेळाडू घडवणाऱ्या खालच्या स्तरावरील स्पर्धा. प्रेक्षक आटल्यामुळे लहान शहरांतील मायनर लीग बेसबॉल संपत चालले आहे, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. २०१९ साली या सामन्यांना ४ कोटींहून अधिक प्रेक्षक लाभले होते, आणि तरीही मेजर लीगने मायनर लीगशी असलेला जुना करार संपताच २०२१च्या हंगामापासून संलग्न, म्हणजे मेजर लीगच्या एखाद्या संघाशी जोडलेल्या, संघांची संख्या १६०वरून १२०वर आणली. खेळाडूंचे वेतन मेजर लीगमधील मूळ संघ देतो, त्यामुळे किती खेळाडू कुठे घडवायचे हा निर्णयही त्याचाच असतो. गावाचे मत त्यात विचारले जात नाही. आयोवा राज्यातील क्लिंटन, बर्लिंग्टन यांसारख्या शहरांनी अनेक दशके जपलेली संलग्नता अशीच गेली आणि तेथे आता उन्हाळ्यात महाविद्यालयीन खेळाडू खेळतात. बेसबॉल टिकले, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु उद्या मेजर लीगमध्ये दिसणारा तरुण आज आपल्या मैदानावर पाहण्याचे सुख मात्र बरेचसे हरपले.

उरलेल्या शहरांपुढील खरा पेच मैदानाचा आहे. मेजर लीगच्या नव्या नियमांनुसार प्रकाशयोजना, सरावाच्या जागा, खेळाडूंच्या आणि महिला कर्मचाऱ्यांच्या खोल्या सुधाराव्या लागतात. बहुतेक मैदाने नगरपालिकांच्या मालकीची असल्याने हा भार करदात्यांवर येतो. खेळाडूंना चांगल्या सोयी मिळायलाच हव्यात, याविषयी दुमत नाही. मात्र अब्जावधींची उलाढाल असलेल्या मेजर लीगने त्या खर्चाचा ठोस वाटा उचलावा आणि त्या बदल्यात शहराला दीर्घ मुदतीची हमी द्यावी, अशी मागणी नगरपालिकांनी एकत्रितपणे करायला हवी.