सीगलने सशाचं पिल्लू अख्खं गिळलं??

कोकणकर_यूकेत: वेल्सच्या स्कोमर बेटावर पफिन (रंगीत चोचीचे छोटे समुद्रपक्षी) बघायला गेलो होतो, तिथे एका काळ्या पाठीच्या दांडग्या सीगलने सशाचं पिल्लू अख्खं गिळलं राव, हे नॉर्मल आहे का? मला वाटायचं हे फक्त मासे नि लोकांचे चिप्स खातात

पाखरू७: एकदम नॉर्मल. तो ग्रेट ब्लॅक-बॅक्ड गल, जगातला सगळ्यात मोठा सीगल, पंख पसरले की दीड मीटरच्या वर. पफिनपण मारतो, आणि दुसऱ्या पक्ष्यांनी पकडलेले मासे हिसकावतो ते वेगळंच

मीनल: अर्जेंटिनात तर केल्प गल जिवंत व्हेलच्या पाठीची कातडी नि चरबी टोचून खातात!!

पाखरू७: हो, तिथल्या वाल्देस द्वीपकल्पाजवळ. आणि चिप्स वाचवायचे तर सीगलकडे टक लावून बघा, २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला हेरिंग गलवर (सीगलचाच एक प्रकार) तसा प्रयोग झालाय, बघत राहिलं की यायला कचरतात

कोकणकर_यूकेत: सशाला सांगायला हवं होतं 😅