चढते व्याजदर आणि भाड्यासाठीचे घर: आता घ्यावे की थांबावे?

सावधपाऊल:

नमस्कार. राहत्या घराचे कर्ज फिटल्यापासून दुसरे घर घेऊन ते भाड्याने द्यावे, असा माझा विचार आहे. किमतीच्या साधारण एक चतुर्थांश रक्कम माझ्याकडे साठलेली आहे आणि उरलेली तीन चतुर्थांश रक्कम कर्जाने उभी करावी लागेल. कर्ज तरत्या दराचे, म्हणजे मुदतीत व्याजदर बदलत राहणारे, मिळत आहे आणि दर वर जात आहेत. त्यात भर म्हणजे मी ज्या क्षेत्रात नोकरी करतो, तेथे नोकरकपात सुरू झाली आहे. माझी नोकरी आज सुरक्षित आहे, पण दोन वर्षांनंतरची खात्री मी देऊ शकत नाही.

काही जाणकार सांगतात की दर चढे असताना खरेदीदार कमी असतात, त्यामुळे किमतीत घासाघीस करता येते, आणि पुढे दर उतरले की हप्ताही हलका होतो व घराची किंमतही वाढते. इतर काही जण तितक्याच ठामपणे थांबायला सांगतात. व्याजदर कुठे जातील याचा अंदाज मी मागत नाही, कारण तो कोणालाच नेमका सांगता येणार नाही. अशा अनिश्चित काळात निर्णय कशाच्या आधारावर घ्यावा आणि कोणते हिशेब आधी करावेत, हे मला समजून घ्यायचे आहे.

जमाखर्च:

आपण प्रश्न योग्य रीतीने मांडला आहे, म्हणून थेट आकड्यांकडे वळतो. घराची किंमत 100 धरू. वर्षाच्या भाड्यातून देखभाल, कर, विमा आणि घर रिकामे राहणारे दिवस वजा केल्यावर हातात 4 उरतात असे मानू. कर्ज 75, मुदत 20 वर्षे आणि दर 7 टक्के असेल, तर वर्षभराचे हप्ते जवळपास 7 होतात. म्हणजे दरवर्षी सुमारे 3 आपल्याला पगारातून घालावे लागतील. दर 9 टक्के झाला आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ते 8.1 पर्यंत जातात आणि खिशातून जाणारी रक्कम 4 च्या पुढे सरकते. आपण गुंतवलेले भांडवल 25 आहे हे लक्षात घेता, हा वार्षिक भार लहान नाही.

हप्त्यातला मुद्दलाचा भाग ही एक प्रकारची बचतच आहे, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबर आहे. तेव्हा मुद्दल बाजूला ठेवून फक्त व्याज पाहू. पहिल्या वर्षी 75 वर 7 टक्क्यांनी सुमारे 5.25 व्याज जाते आणि भाडे 4 येते, म्हणजे तूट 1.25. तेच 25 सुरक्षित ठेवीत 6 टक्क्यांनी ठेवले असते, तर 1.5 मिळाले असते. दोन्ही मिळून फरक 2.75 होतो. याचा अर्थ घराची किंमत वर्षाला पावणेतीन टक्के वाढली, तरच आपण त्या ठेवीच्या बरोबरीला येता, आणि खरेदी-विक्रीचे खर्च व आयकर यांचा हिशेब त्यानंतरचा. दर कमी असताना हा फरक इतका किरकोळ असतो की कोणी त्याकडे पाहत नाही; दर चढले की सारा व्यवहार किंमतवाढीच्या आशेवर उभा राहतो. भाडे व्याजापेक्षा कमी असताना जितके जास्त कर्ज, तितका तोटा मोठा, हे सूत्र मी कागदावर लिहूनच पुढे जाईन.

तरत्या दराबाबत आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. दर वाढला की अनेक बँका हप्ता तोच ठेवतात आणि मुदत वाढवतात. कर्जदाराला वाटते की काहीच बदलले नाही. 20 वर्षांच्या मुदतीने 7 टक्क्यांवर घेतलेल्या कर्जाचा हप्ता प्रत्येक 1,00,000 मागे महिना 775 पडतो. कर्ज घेतल्यावर लगेचच दर 8 टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत सुमारे 25 वर्षांवर जाते. 9 टक्के झाला तर ती 38 वर्षे होते, कारण महिन्याचे व्याजच 750 असते आणि मुद्दलाकडे जेमतेम 25 जातात. 9.5 टक्क्यांवर व्याज 792 होते, म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढत राहते. म्हणून दर वाढल्यावर मुदत वाढवण्याऐवजी हप्ता वाढवण्याची आपली ताकद आहे का, हे आजच तपासावे. ती नसेल तर कर्जाची रक्कम आपल्याला झेपणारी नाही, असाच निष्कर्ष मी काढेन.

दीर्घपल्ला:

वरील हिशेब चोख आहे, तरी त्यातून ‘दर चढे म्हणजे खरेदी नको’ असा अर्थ निघू नये असे मला वाटते. व्याजदर आणि घरांच्या किमती यांचे नाते पुस्तकात दिसते तितके सरळ नसते.

अमेरिकेचे उदाहरण घ्या. तिथल्या फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने मार्च 2022 मध्ये जवळपास शून्यावर असलेला दर जुलै 2023 पर्यंत 5.25 ते 5.50 टक्क्यांवर नेला. 30 वर्षांच्या स्थिर दराच्या गृहकर्जाचा दर त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये 8 टक्क्यांच्या जवळ पोहोचला. किमती कोसळतील असे अनेकांना वाटत होते, पण तसे झाले नाही. ज्यांनी पूर्वी 3 टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतले होते ते घर विकायलाच तयार नव्हते, कारण विकले असते तर नवे कर्ज दुप्पट दराने घ्यावे लागले असते. 2023 मध्ये जुन्या घरांची विक्री जवळपास तीन दशकांच्या नीचांकावर आली. किमती मात्र टिकून राहिल्या. याउलट स्वीडनमध्ये बहुतेक गृहकर्जे तरत्या किंवा थोड्या काळापुरत्या स्थिर दराची असतात, आणि तिथे 2022 मध्ये दर चढताच किमती लवकर खाली आल्या. दर दोन्हीकडे वाढले, पण परिणाम ठरला तो कर्जाच्या स्वरूपावरून.

दुसरा मुद्दा महागाईचा. दर बहुतेक वेळा महागाई वाढल्यामुळेच चढतात, आणि महागाईत भाडेही वाढत जाते. कर्जाचा दर स्थिर असेल, तर हप्ता तोच राहतो, भाडे वाढते आणि काही वर्षांत आजची तूट भरून निघते. 1981 मध्ये अमेरिकेत गृहकर्जाचा दर 18 टक्क्यांच्या वर गेला होता. पुढची कित्येक वर्षे दर उतरत गेले आणि ज्यांना तग धरता आला त्यांनी स्वस्त कर्जात बदली करून घेतली. आपला अडथळा चढा दर हा नसून तरता दर हा आहे. निदान पहिल्या पाच वर्षांसाठी स्थिर दराचा पर्याय मिळत असेल, तर तो थोडा महाग असला तरी त्याचा गांभीर्याने विचार करावा, असे मी सुचवेन. विक्रेत्याला निकड असेल तर किमतीत मिळणारी सूट कायमची असते. व्याजदर मात्र बदलत राहतो.

तारण:

मी कर्जमंजुरीच्या कामात बराच काळ आहे, म्हणून तिसऱ्या बाजूने लिहितो. ‘दीर्घपल्ला’ यांनी लिहिले की ज्यांना तग धरता आला त्यांनी पुढे कमावले. माझ्या मते सगळा निर्णय त्या ‘तग धरता आला’ या अटीवर येऊन थांबतो, आणि आपल्या प्रश्नात नेमकी तीच जागा कच्ची आहे.

दर उतरले की किमती वर जातात, ही समजूत जपानने खोटी ठरवली आहे. तिथल्या मध्यवर्ती बँकेने मे 1989 ते ऑगस्ट 1990 या काळात आपला दर 2.5 वरून 6 टक्क्यांवर नेला आणि जमिनींच्या किमतींचा फुगा फुटला. पुढे दर उतरत उतरत 1999 मध्ये जवळपास शून्यावर आले, तरीही शहरी जमिनीच्या किमती घसरतच राहिल्या आणि ही घसरण साधारण दीड दशक चालली. अर्थव्यवस्था ढासळत असल्यामुळे दर उतरत असतील, तर स्वस्त कर्ज घ्यायला माणसांकडे उत्पन्नाची शाश्वती उरत नाही. दरकपात का होत आहे, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर पैज लावू नये.

आता आपल्या आकड्यांवर हे लावून पाहू. जे घर (येथे सोयीसाठी 4 ऐवजी) 5 टक्के निव्वळ भाडे देते त्याला आज 100 किंमत आहे, असे धरा. पर्यायी गुंतवणुकीचे दर वाढल्यामुळे नव्या खरेदीदारांनी 6 टक्क्यांची अपेक्षा धरली आणि भाडे वाढले नाही, तर त्याच घराची किंमत सुमारे 83 होते. घट 17 टक्क्यांची, पण कर्ज 75 तसेच असल्याने आपल्या 25 पैकी जेमतेम 8 उरतात. ही घट कागदावर राहिली तर फारसे बिघडत नाही. भाडे येत राहते, आपण हप्ते भरत राहता आणि किंमत कधीतरी सावरू शकते. पण त्याच सुमारास नोकरी गेली आणि घर विकावे लागले, तर तो तोटा कायमचा होतो.

ही दोन संकटे एकत्र येण्याची शक्यता आपल्या बाबतीत अधिक आहे. आपले क्षेत्र ज्या शहरात एकवटलेले आहे तिथेच घर घेतले, तर आपला भाडेकरूही बहुधा त्याच क्षेत्रातला असेल. मंदी आली की पगार, भाडे आणि घराची किंमत, तिन्ही एकाच महिन्यात डगमगतात. बँकेलाही हे ठाऊक असते आणि ती अशा वेळी नवे कर्ज देताना किंवा मुदत बदलून देताना हात आखडता घेते. मदतीची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच दार अरुंद होते, हे मी वारंवार पाहिले आहे आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यातली बरीच माणसे हप्ता कधीही न चुकवणारी असतात.

म्हणून माझी कसोटी अशी: दर आजच्यापेक्षा 2 टक्क्यांनी वाढला, घर सहा महिने रिकामे राहिले आणि आपला पगार वर्षभर बंद झाला, तरी हप्ते आणि घरखर्च भागेल एवढी रक्कम, स्वतःचे 25 भरून झाल्यानंतर, ठेवीत शिल्लक आहे का? ती असेल तर ‘दीर्घपल्ला’ म्हणतात तशी घासाघीस करून खुशाल घ्या. नसेल, तर लहान घर पाहा किंवा कर्जाचे प्रमाण निम्म्यावर येईपर्यंत साठवत राहा.

सावधपाऊल:

तिघांचेही मनःपूर्वक आभार. वर दिलेल्या कसोटीवर माझी शिल्लक सहा-सात महिन्यांपुरतीच पुरते, त्यामुळे आजच्या रकमेचे कर्ज घेऊ नये हे मला पटले आहे. दोन उपप्रश्न विचारतो. बांधकाम चालू असलेले घर स्वस्त पडते आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्यावे लागतात. तो मार्ग बरा का? आणि साठवण होईपर्यंत रीटमध्ये, म्हणजे भाड्याच्या इमारतींत सामूहिक गुंतवणूक करणाऱ्या न्यासात, पैसे ठेवावेत का?

जमाखर्च:

बांधकाम चालू असलेल्या घराबाबत माझे मत या काळात स्पष्टपणे प्रतिकूल आहे. ताबा मिळेपर्यंत भाडे शून्य आणि उचललेल्या रकमेवर व्याज मात्र सुरू, अशी स्थिती असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्यापेक्षा विकासकाचे कर्ज मोठे असते. दर चढले आणि विक्री मंदावली की आधी त्याची कोंडी होते आणि काम रखडते. चीनमधील एव्हरग्रांड ही घरबांधणी कंपनी 2021 मध्ये कर्जफेड चुकवू लागली, तेव्हा आगाऊ पैसे भरलेल्या असंख्य ग्राहकांची घरे अर्धवट राहिली. सवलत आकर्षक दिसते, पण ती या जोखमीचीच किंमत असते.

रीटमध्ये थोड्या रकमेने शिरता येते, कर्ज काढावे लागत नाही आणि युनिट, म्हणजे त्यातले आपले हिस्से, शेअर बाजारात विकता येतात, हे फायदे खरे आहेत. परंतु व्याजदर वाढले की त्यांचे भाव घरांच्या आधी पडतात, कारण बाजार रोज नवा भाव लावतो. शिवाय कोणत्या प्रकारच्या इमारती त्यात आहेत हे पाहावे. घरून काम वाढल्यापासून कार्यालयीन इमारतींचे गणित अनेक देशांत बिघडले आहे. दोन-तीन वर्षांत घरासाठी लागणारी रक्कम तिथे ठेवू नये. ती ठेवीतच असावी, आणि चढ्या दरांचा लाभ ठेवीदार म्हणून तरी आपल्याला मिळावा.

तारण:

वरील मताशी सहमत आहे. साठवण करत असताना एक काम मात्र आताच करून ठेवा: ज्या बँकांकडून पुढे कर्ज घेण्याचा विचार आहे त्यांच्याकडून चार गोष्टी लेखी मागवा. तरता दर बँकेबाहेर ठरणाऱ्या कोणत्या दराशी जोडलेला आहे, तो किती महिन्यांनी बदलतो, दर वाढल्यावर हप्ता वाढवायचा की मुदत हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आणि मुदतपूर्व परतफेडीवर काही आकार आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर संदिग्ध आले, तर करारातले ते कलम वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.