मदत हवी आहे: वडिलांचा वारंवार उलटणारा मूत्रसंसर्ग, कल्चर रिपोर्ट आणि एआय

नमस्कार. आम्ही अमळनेरचे. आमचे नाना ७९ वर्षांचे असून प्रोस्टेटच्या त्रासामुळे त्यांना सात महिन्यांपासून कॅथेटर (लघवीची नळी) आहे. या काळात मूत्रमार्गाचा संसर्ग चौथ्यांदा उलटला. पहिल्या दोन्ही वेळी ताप उतरताच आम्हीच गोळ्या बंद केल्या होत्या, हे आधीच कबूल करतो.

ताज्या कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून त्यांना कोणते औषध लागू पडते हे पाहणारी तपासणी) ईएसबीएल पॉझिटिव्ह, म्हणजे अनेक प्रतिजैविके निकामी करणारे विकर बनवणारा, ई. कोलाय हा जंतू निघाला आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि सेफ्ट्रायक्झोन या प्रतिजैविकांपुढे 'आर' (जंतू दाद देत नाही), तर नायट्रोफ्युरँटॉइन, अमिकॅसिन व मेरोपेनेमपुढे 'एस' (जंतू दाद देतो) लिहिले आहे. भाच्याने या रिपोर्टचा फोटो मोबाइलवरील एआयला दाखवला, तर त्याने लगेच नायट्रोफ्युरँटॉइन सुचवले. नानांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) १.९ आहे, हे ना आम्ही सांगितले, ना त्याने विचारले. मूत्रपिंड इतके मंदावले असता ती गोळी लघवीत पुरेशी उतरत नाही आणि अमिकॅसिन तर मूत्रपिंडालाच इजा करू शकते, हे डॉक्टरांनी समजावल्यावर भाचा गप्प झाला.

तरीही हा विषय मला सोडवत नाही, कारण खरी अडचण कल्चरचा रिपोर्ट येईपर्यंतच्या दोन-तीन दिवसांची आहे; तेवढ्या वेळात डॉक्टरांना अंदाजानेच औषध सुरू करावे लागते. एआयने शोधलेल्या हॅलिसिनसारख्या संभाव्य प्रतिजैविकांचा नानांना आज उपयोग नाही. मात्र इस्राएलमधील संशोधकांनी दहा वर्षांतील सात लाखांहून अधिक मूत्रसंसर्गांच्या नोंदी वापरून, रुग्णाचे वय, जुने कल्चर आणि पूर्वी घेतलेली प्रतिजैविके यांवरून कोणते औषध लागू पडणार नाही याचा अंदाज बांधणारे मॉडेल २०१९ मध्ये प्रसिद्ध केले, ते मला आमच्या कामाचे वाटले. अर्थात तिथले जंतू आणि जळगाव-धुळ्याकडचे जंतू सारख्याच औषधांना दाद देतील असे नाही; त्यामुळे असे मॉडेल इथल्याच नोंदींवर घडवावे लागेल, असे माझे मत आहे.

जळगाव, धुळे किंवा नाशिकच्या एखाद्या रुग्णालयात अशी प्रणाली वापरात असल्याचा कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का? नसल्यास, तिथले डॉक्टर निदान स्थानिक अँटिबायोग्राम (त्या भागातले जंतू कोणत्या औषधांना किती दाद देतात याचा तक्ता) पाहून पहिले औषध ठरवतात का? शिवाय नानांचे चारही कल्चर, औषधांचे दिवस आणि क्रिएटिनिनचे आकडे मी एका वहीत तारखेनुसार उतरवले आहेत. पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवण्यासाठी त्यात आणखी काय नोंदवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.