शेरीफने राजीनामा दिला, म्हणून तो कर्तव्याला चुकला का?

प्रश्न
कॉर्मॅक मॅकार्थी यांची २००५ साली प्रसिद्ध झालेली 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन' ही कादंबरी नुकतीच वाचून संपवली. टेक्सासमधील टेरेल काउंटीचा वयस्क शेरीफ (म्हणजे पोलीसप्रमुख) एड टॉम बेल याला ना गुन्हेगारांचे पैसे उचलून पळणाऱ्या मॉसला वाचवता येत, ना मॉसच्या पत्नीला, आणि खुनी मोकळा असतानाच तो पद सोडतो. 'हाय नून' (१९५२) या चित्रपटातील मार्शल (गावाचा कायदारक्षक) विल केन मात्र बिल्ला उतरवून गाव सोडल्यावरही सूडासाठी येणाऱ्या गुंडांना तोंड द्यायला माघारी येतो. या तुलनेत बेलला कर्तव्यच्युत म्हणावे का? मला तसे म्हणवत नाही, पण कारण नेमके मांडता येत नाही.

प्रतिसाद १
काउंटीचा शेरीफ मतदारांनी निवडून दिलेला असतो, त्यामुळे बेलवरील जबाबदारी कायद्यानेच आलेली आहे. केनवर तसे बंधन उरलेले नाही. नवा मार्शल दुसऱ्याच दिवशी येणार असतो, आणि ज्यांच्यासाठी तो थांबतो ते गावकरीच चर्चमध्ये चर्चा करून त्याला निघून जाण्याचा सल्ला देतात. बेलचे मूळ दुखणे मात्र जुने आहे. दुसऱ्या महायुद्धात तो साथीदारांना मागे सोडून निघून गेला होता आणि तरीही त्याला शौर्यपदक मिळाले, हे तो एलिसकाकांजवळ कबूल करतो. शेरीफपदाची सारी वर्षे तो ते ऋण फेडत होता असे मी मानतो, आणि ते फिटणार नाही हे उमगल्यावर खुर्ची अडवून न बसणे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

प्रतिसाद २
मी असहमत आहे. आपला आत्मा पणाला लावायची तयारी नाही, असे बेल आरंभीच सांगतो. सामान्य माणसाला ही मुभा आहे, पण लोकांनी सुरक्षिततेसाठी निवडलेल्या अधिकाऱ्याला ती कितपत द्यावी? शिवाय काळ बिघडला ही त्याची तक्रार एलिसकाकाच खोडून काढतात, कारण हा मुलूख पूर्वीपासून असाच क्रूर होता हे त्यांना ठाऊक आहे. वार्धक्यातील जबाबदारी पाहायची तर 'हाय नून'मधील मार्टिन हाऊ पाहा. केनचा हा पूर्वसुरी संधिवाताने हात आखडल्यामुळे मदतीस नकार देतो, कारण त्याची काळजी वाहताना केनच मारला जाईल अशी त्याला भीती असते. चित्रपटातील इतरांच्या नकारांहून हा नकार मला वेगळ्या जातीचा वाटतो, कारण त्यात दुसऱ्याच्या जिवाचा विचार आहे.

प्रतिसाद ३
प्रत्यक्षातील एक उदाहरण या चर्चेत हवे. बिल टिल्गमन या नामांकित कायदारक्षकाने सत्तरीत ओक्लाहोमातील क्रॉमवेल या तेलामुळे वसलेल्या बेबंद गावाचे मार्शलपद स्वीकारले, आणि १९२४ साली तिथेच त्याला गोळी घालण्यात आली. गोळी घालणारा दारूबंदी खात्याचा केंद्रीय अधिकारी होता, आणि खटल्यात तो निर्दोष सुटला. म्हाताऱ्या कायदारक्षकाने पदावर राहायलाच हवे होते, असे बेलला सुनावण्याआधी टिल्गमन पदावर राहिला तेव्हा त्याच्या पाठीशी कोण होते, हेही विचारले पाहिजे.