मदत हवी आहे: राडारोड्यात सापडलेली पिशवी मालकापर्यंत कशी पोचवू?

मंडळी, मी रोज सकाळी पुण्यात वारजे ते नवले पूल या पट्ट्यात बायपासच्या सेवा रस्त्याने चालायला जाते. कडेला फुटके हेल्मेट, एकेकटी चप्पल, गाडीचे आरसे नेहमीच दिसतात. परवा मात्र राडारोड्याच्या ढिगाला टेकून एक कापडी पिशवी होती. आत दहावीचं मूळ गुणपत्रक, रेशनकार्ड, एक चांदीचा करंडा आणि नऊवारीतल्या आजींचा जुना, कृष्णधवल फोटो. गुणपत्रक दुसरं काढता येतं हो, पण तो फोटो एकच असणार. तेव्हापासून मन लागत नाहीये.

रेशनकार्डावरचा पत्ता भिजून पुसलाय. नाव वाचता येतं, पण ते इथे उघड टाकणं मला बरोबर वाटत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे सापडलेली वस्तू ताब्यात घेतली की ती जपण्याची जबाबदारी आपली, म्हणून सगळं कोरडं करून कपाटात ठेवलंय.

गुणपत्रकावरच्या शाळेत चौकशी केली तर माजी विद्यार्थ्याचा पत्ता शोधून निरोप देतील का? पोलीस चौकीत पिशवी जमा करताना पंचनामा किंवा पोच मागावी का? कुणी केलं असेल तर अनुभव सांगा.

आणि तो ढीग! बांधकामाचा राडारोडा वाघोलीच्या राडारोडा प्रक्रिया प्रकल्पात जायला हवा, तो इथे कडेला पडलाय. उचलायला येतील तेव्हा आणखी काही कागद त्याखाली निघाले तर? उद्या सकाळी कुणी सोबत येईल का शोधायला? जाड हातमोजे आणि काठी मी आणते.