‘असं बोलणारा माणूस असं करेलच कसा?’

पार्लेकरीण

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामेभावाने एक क्लिप टाकली. वर लिहिलं होतं, ‘प्रत्येक आईबापाने ऐकावं असं’. क्लिप बिल कॉस्बीची. नाव माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: हा अमेरिकेतला विनोदी नट. १९८४ ते १९९२ त्याची कौटुंबिक मालिका तिथे तुफान चालली. त्यात तो डॉक्टर, पाच मुलांचा समजूतदार बाप. लोक त्याला ‘अमेरिकेचा बाबा’च म्हणायला लागले होते.

हे भाषण १७ मे २००४ चं, वॉशिंग्टनमधलं. शाळांमधली वर्णभेदाची विभागणी बेकायदा ठरवणाऱ्या निकालाला ५० वर्षं झाली म्हणून सभा होती. तिथे त्याने गरीब कृष्णवर्णीय आईबापांना फैलावर घेतलं. पोरांना ५०० डॉलरचे बूट घेता आणि वाचायला शिकवण्यासाठी २०० डॉलर काढत नाही. पोरगा तुरुंगाच्या कपड्यांत दिसला की रडता, तो दोन वर्षांचा होता, बारा वर्षांचा होता, तेव्हा तुम्ही कुठे होतात?

ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मी लिहिलं, या माणसावर ५० हून जास्त बायकांनी अत्याचाराचे आरोप केले आहेत. मावशीने विचारलं, “अगं, पण बोललाय त्यात खोटं काय आहे?”

त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. चार दिवस डोक्यात तेच फिरतंय, म्हणून इथे लिहितेय.

ज्या प्रकरणात त्याच्यावर खटला चालला, ती घटना जानेवारी २००४ ची. टेम्पल विद्यापीठात बायकांच्या बास्केटबॉल संघाचं कामकाज बघणाऱ्या एका तरुणीची तक्रार होती की त्याने घरी बोलावून गोळ्या दिल्या आणि तिला शुद्ध नसताना अत्याचार केला. म्हणजे त्या आईबापांना हा जाब विचारत होता, तेव्हा या रात्रीला जेमतेम चार महिने झाले होते. मला हे कळल्यावर क्लिप पुढे बघवेना.

आणि हे मला इतकं का लागतं, तेही सांगते. अंधेरीच्या एका ऑफिसात मी सहा वर्षं होते. आमचे एक वरिष्ठ दर ८ मार्चला भाषण करायचे. स्त्रियांचा सन्मान, सुरक्षित वातावरण वगैरे. बोलायचे छानच, आम्ही मनापासून टाळ्या वाजवायचो. मग माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीने त्यांच्याविरुद्ध अंतर्गत समितीकडे तक्रार केली. चौकशी सुरू व्हायच्या आत कॅन्टीनमध्ये एकच वाक्य फिरत होतं: “असं बोलणारा माणूस असं करेलच कसा?” ते वाक्य मीही एकदा बोलले. ती माझ्या मागे डबा घेऊन उभी होती. काही न बोलता तिने डबा तसाच बंद केला आणि खाली निघून गेली. मटकीची उसळ होती, झाकणाखालून रस्सा तिच्या बोटांवर आला होता. ते मी विसरू शकत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. बड्या माणसाच्या उपदेशाला आपण जे वजन देतो, ते कुणाच्या तरी पारड्यातून काढून देतो. बहुतेक वेळा त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्या बाईच्या.

गिरणगावकर

ताई, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. तरी मी विरोधी बाजूनेच बोलणार.

माझी आई लालबागला खानावळ चालवायची. १९८२ च्या संपात गिऱ्हाईकच गावी गेलं, खानावळ मोडली. त्या दिवसांत कुणीतरी पुडी बांधून दिलेल्या कागदावर एका मराठी नटाची मुलाखत होती. नाव घेत नाही. त्यात त्याने म्हटलं होतं, मुलीच्या शिक्षणाचा खर्च हा खर्च समजू नका. आईने तेवढा तुकडा कापून कपाटाच्या दाराला आतून खळीने चिकटवला. ताईची फी भरायची वेळ आली की कपाट उघडायची, तिथेच पैसेही असायचे. बांगड्या गेल्या, पण ताई नर्स झाली.

तो नट बायकोला मारायचा हे पुढे बाहेर आलं. मग आता काय करायचं? आईने ऐकलं ते चुकीचं होतं? सांगणारा नासका निघाला म्हणून सांगणं नासत नाही. गरिबाला चार चांगले शब्द जिथून मिळाले तिथून त्याने घेतले. त्याच्या चारित्र्याचा दाखला मागायला आई कुठे जाणार होती?

फोर्टचा_वकील

एक दुरुस्ती आवश्यक आहे. कॉस्बीला एप्रिल २०१८ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं आणि ३ ते १० वर्षांची शिक्षा झाली, हे खरं. पण ३० जून २०२१ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी रद्द केली आणि पुन्हा खटला चालवायलाही मनाई केली. तो सगळे आरोप नाकारतो. कायद्याच्या दृष्टीने आज त्याच्यावर फौजदारी दोषसिद्धी नाही. उद्या कुणावरही नुसता आरोप झाला की त्याचं आयुष्यभराचं बोलणं आपण गटारात टाकणार का?

पार्लेकरीण

वकीलसाहेब, बरोबर, ते मी लिहायला हवं होतं. पण रद्द कशामुळे झाली तेही सांगायला हवं. २००५ मध्ये तिथल्या सरकारी वकिलाने खटला भरणार नाही असं जाहीर केलं होतं. त्या भरवशावर कॉस्बीने दिवाणी दाव्यात जबानी दिली आणि पुढे तीच त्याच्याविरुद्ध वापरली गेली. न्यायालय म्हणालं, सरकारने दिलेला शब्द असा फिरवता येणार नाही. ती बाई खोटं बोलली असं न्यायालय म्हणालेलं नाही. आणि २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दिवाणी ज्यूरीने १९७५ च्या एका वेगळ्या प्रकरणात त्याला जबाबदार धरून ५ लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. ती मुलगी तेव्हा १६ वर्षांची होती.

त्या जबानीची गोष्ट तर या धाग्याचा गाभाच आहे. बायकांना देण्यासाठी गुंगीच्या गोळ्या मिळवल्याचं त्यात त्याने स्वतः कबूल केलं होतं. ती जबानी बरीच वर्षं बंद होती. जुलै २०१५ मध्ये एका वृत्तसंस्थेच्या अर्जावर संघीय न्यायाधीशांनी ती खुली केली. त्यांनी दिलेलं एक महत्त्वाचं कारण असं की हा माणूस जाहीरपणे लोकांना नीती शिकवतो, त्यामुळे त्याच्या बोलण्यात आणि आरोपांत जी तफावत आहे ती जाणून घेण्यात जनतेचं हित आहे. म्हणजे उपदेश आणि माणूस वेगळे ठेवा, हे कोर्टानेही मानलं नाही.

मुलुंडची_शिक्षिका

मी २२ वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवते. मला मुळात तो उपदेशच पटलेला नाही. महागडे बूट घालून येणारा माझ्या वर्गातला मुलगा घरी दहा बाय दहाच्या खोलीत सात जणांत झोपतो. बापाला बूट हप्त्याने घेता आले, अभ्यासाला जागा हप्त्याने मिळत नाही. कॉस्बीच्या भाषणावर तेव्हाही हीच टीका झाली होती, की शाळा, नोकऱ्या, वस्त्या यांच्याबद्दल न बोलता सगळा दोष गरिबाच्याच माथी मारला. पण तो ‘बाबा’ होता ना. मोठ्या माणसाचं बोलणं आपण तपासूनच घेत नाही.

माहीमची_एक

मी सहसा लिहीत नाही. माझे यजमान ११ वर्षं दारूपासून लांब आहेत. ते सुटले ते एका माणसाचं ऐकून, आणि त्या माणसाने दारूपायी आईचं मंगळसूत्र विकलं होतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगमध्ये सगळे असेच असतात. सज्जन नातेवाइकांनी आमच्या घरी येऊन काय कमी उपदेश केला? यांनी एकाचंही ऐकलं नाही. घसरलेल्याच्या बोलण्याला कधी कधी जास्त वजन असतं, एवढंच सांगायचं होतं.

पार्लेकरीण

माहीमच्या ताई, तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पण तुमच्या त्या माणसाने आधी मंगळसूत्राचं सांगितलं आणि मग दारू सोडा म्हणाला. त्याच्या बोलण्याला वजन आलं ते त्या कबुलीमुळे. कॉस्बीच्या भाषणात ‘तुम्ही’ आहे, ‘मी’ कुठेच नाही.

फोर्टचा_वकील

कबुली हवी, हे मान्य. पण ती देणारा तुरुंगात जातो, हेही लक्षात घ्या. म्हणून कुणी देत नाही.

गिरणगावकर

कबुलीचा मुद्दा मला पटतोय. पण आईच्या तुकड्याचं उत्तर त्यात नाही. त्या नटाने कधी काही कबूल केलं नाही, तरी माझी बहीण शिकली.

पार्लेकरीण

दादा, तुमच्या आईने त्या नटाला वजन दिलं असं मला वाटत नाही. बांगड्या तिने विकल्या. वजन तिचं होतं. तिने ते वाक्य जगून दाखवलं, त्यामुळे ते आता तिचंच झालं.

गिरणगावकर

हे तुम्ही चांगलं म्हणालात, पण आई स्वतः असं म्हणणार नाही. ती अजून सांगते, “त्या देवमाणसाने लिहिलं म्हणून हिला शिकवलं.” तिचं वय ८१. त्याचं पुढे काय झालं ते आम्ही तिला सांगितलेलं नाही. ताईच्या मते सांगायलाच हवं, कारण ताई वॉर्डात मार खाल्लेल्या बायका रोज बघते. मी नको म्हणतो. दिवाळीपासून आमचं दोघांचं हेच चाललंय.

कपाट अजून आहे. कागद पिवळा पडलाय, कडा झुरळांनी खाल्ल्यात, त्याचं नाव होतं ती ओळ मात्र शाबूत आहे.