चर्चा: हाडांच्या सर्जनला गणित नको?

गणितमास्तर_कणकवली
दरवर्षी दहावीच्या निकालानंतर तेच. निकालात कोकण बोर्ड राज्यात पहिलं येतं आणि गणितात नव्वदच्या वर गेलेली मुलं अकरावीला गणितच सोडतात. 'सर, नीटला गणित नाहीच ना!' यातल्या काहींना पुढे ऑर्थोपेडिक्स करायचं असतं. माझं स्पष्ट मत: भूमिती इतकी लागणाऱ्या शाखेत जायचं असेल तर बारावीपर्यंत गणित सक्तीचं हवं, आणि एमबीबीएसनंतर सर्जन व्हायला करतात त्या एमएसच्या तीन वर्षांत त्याची परीक्षाही.

एकच उदाहरण देतो. गुडघा आतल्या बाजूने झिजून पाय कमानदार झाला, की नडगीचं हाड वरच्या टोकाशी कापतात, पाचरीसारखी फट उघडतात आणि पाय सरळ करतात. जुना आडाखा आहे, पाय एक अंश सरळ करायला एक मिलिमीटर फट. तो हाडाची रुंदी ५७ मिमीच्या आसपास असेल तरच खरा. रुंदी ७० मिमी असेल आणि १० अंश हवे असतील तर फट ७० × टॅन १०, म्हणजे १२.३ मिमी लागते. आडाख्याने १० मिमी उघडलीत तर जेमतेम ८ अंश मिळतात. पेशंटचा भार झिजलेल्या बाजूवरून पुरेसा हलतच नाही.

अस्थिशल्य_चिपळूण
सर, आदर ठेवून विरोध करतो. टॅन दहावीच्या गणित भाग २ मध्येच आहे, त्यासाठी बारावी कशाला? खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये स्क्रूचं टोक मांडीच्या हाडाच्या गोळ्याच्या शिखरापासून किती लांब आहे ते समोरून आणि बाजूने, अशा दोन एक्सरेंत मोजतात. बेरीज २५ मिमीच्या आत हवी. ही बेरीज कुणीही करेल. म्हाताऱ्या माणसाच्या ठिसूळ हाडात गाइड वायर, म्हणजे स्क्रूला वाट दाखवणारी तार, त्या जागी नेणं, ती सरकायला लागली हे बोटांना कळणं, हे सीनिअर शेजारी उभा राहून शिकवतो तेव्हाच येतं. कमी आहेत त्या स्वतःच्या हाताने करायला मिळणाऱ्या केसेस. गणित सक्तीचं केलंत तर वाडीवरच्या पोरांना आणखी एक क्लास आणि आणखी एक फी, बाकी काही नाही.

गणितमास्तर_कणकवली
पण तो २५ चा आकडा कुणीतरी मोजूनच काढला ना? बाउमगार्टनर आणि सहकाऱ्यांचा १९९५ चा अभ्यास आहे तो. शिवाय बेरजेआधी प्रमाण काढावं लागतं. एक्सरेत सगळं मोठं दिसतं, म्हणून स्क्रूचा खरा व्यास आणि फोटोतला व्यास यांचं गुणोत्तर लावायचं. ही पायरी गाळली तर २५ ला अर्थ उरत नाही. आणि दहावीनंतर एमएस संपेपर्यंत किमान साडेदहा वर्षं जातात. तोवर दहावीचा टॅन कुणाच्या डोक्यात राहतो?

फिजिओ_सावंतवाडी
मी मास्तरांच्या बाजूने. एका पायावर उभं राहिलं की खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, कारण शरीराच्या वजनाची भुजा, म्हणजे खुब्यापासूनचं अंतर, लांब आणि खुब्याच्या बाजूच्या स्नायूची आखूड. ६० किलोच्या आजीच्या खुब्यावर दीडशे किलोच्या वर! काठी दुखऱ्या खुब्याच्या उलट हातात धरली की तो खूप उतरतो. आठवडा बाजारात बघा, बहुतेक म्हातारी माणसं काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात. नुसतं 'उलट हातात धरा' म्हणून कुणी ऐकत नाही. ज्याला बलाची भुजा समजलीय तो कागदावर दोन रेघा मारून पटवून देतो.

अस्थिशल्य_चिपळूण
ते फिजिक्स झालं, आणि नीटच्या १८० प्रश्नांत ४५ फिजिक्सचेच असतात. इलिझारोव्ह या सोव्हिएत सर्जनने सैबेरियात कुर्गानला कापलेलं हाड हळूहळू लांबवायचा वेग ठरवला, दिवसाला १ मिमी, चार टप्प्यांत. तो कुठल्या समीकरणातून आला नाही. हाड कसं भरतं हे बघत बघत ठरला.

आंबेवालो_देवगड
माझो बापूस कलमावरसून पडलो तेव्हा तेका रात्री गोव्याक न्हेलव. अख्ख्या वाटेर तो कण्हत होतो. जवळ ऑपरेशन करणारो माणूसच नाय, तर ह्या भांडाण कोणाच्या कामाचा? ओरोसाक कॉलेज झाला हा, आधी थंय हात तयार होवंदेत.

रेसिडेंट_दुसरं_वर्ष
बारावीच्या सक्तीला माझाही विरोध आहे. पण 'हात बसला की झालं' हेही पटत नाही. आमचे एक सर ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी एक्सरेवर ट्रेसिंग पेपर ठेवून हाडाचे तुकडे आखायला, कापायला आणि जुळवून कोन मोजायला लावतात. प्लॅन नसेल तर स्क्रब होऊ देत नाहीत, म्हणजे ऑपरेशनला उभंच करत नाहीत. मोबाइलचं ॲप कोन झटकन देतं, पण खुब्याचा मध्य कुठे टेकवायचा ते मीच ठरवते. एक्सरे काढताना गुडघ्याची वाटी समोर नसेल, पाय थोडा वळलेला असेल, तर दशांशापर्यंत आलेला तो कोन सपशेल खोटा असतो. हे मला गणिताच्या पुस्तकाने शिकवलं नसतं, आणि मोजायची सवय नसती तर माझ्या लक्षातही आलं नसतं.

गणितमास्तर_कणकवली
मग वाकडं हाड सरळ करायला पायाभोवती बसवतात त्या सहा दांड्यांच्या नव्या फ्रेमचं काय? कुठली दांडी रोज किती फिरवायची ते सॉफ्टवेअर सांगतं म्हणे. त्यात आकडाच चुकीचा घातला तर कोण पकडणार?

रेसिडेंट_दुसरं_वर्ष
आमच्या युनिटात दोघं वेगवेगळे बसून मोजतात आणि आकडे जुळल्याशिवाय पेशंटच्या हातात तक्ता देत नाहीत. गेल्या महिन्यात जुळले नाहीत. एकाने आत-बाहेरची खूण उलटी धरली होती.